टाचणात अध्ययन निष्पत्ती नेमकी कशी वापरता?

प्रश्न: तिसरीचं गणित आहे माझ्याकडे, बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला निष्पत्ती (म्हणजे शिकून मुलांना काय यायला हवं ते) दिल्यात त्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीत, उतरवते पण वर्गात त्यांचं करायचं काय तेच कळत नाही, कोणी सांगेल का?

उत्तर १: मॅडम, तास संपल्यावर पोराला काय जमायला हवं ते आधी ठरवा. निष्पत्तीत 'रोजच्या व्यवहारात' तीन अंकी वजाबाकी हवी असेल तर नुसती फळ्यावरची गणितं पुरत नाहीत, दुकान मांडा, ५०० ची खेळातली नोट द्या, २३५ चं सामान घेतल्यावर किती परत ते त्यालाच सांगू दे. हातच्याला अडकला की उद्याचं टाचण तिथूनच.

उत्तर २: सरांशी सहमत, फक्त एका तासाला एकच निष्पत्ती धरा ताई. आणि कोणाला जमलं नाही त्यांची नावं टाचणाच्या समासात तिथल्या तिथे लिहा.