आईचे उखाणे दुसऱ्याच्या ॲपमध्ये: ही चोरी की लोकपरंपरा?

कृष्णाकाठ
१९९७ साली माझ्या आईने उखाण्यांचं एक छोटं पुस्तक पदरच्या पैशांनी छापून घेतलं. प्रती ५००, उखाणे २१२. त्यातले पारंपरिक कोणते ते तिने प्रस्तावनेतच सांगून टाकलंय, बाकीचे सगळे तिचे. पुस्तकावर आमचा सांगलीचा पत्ताही छापलाय. डोहाळजेवण असो, बारसं असो, बायका आमच्याकडे उखाणा मागायला यायच्या आणि ती भाकरी थापता थापता नाव विचारून जुळवून द्यायची.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात तिच्या जावेने मोबाईलवर बघून उखाणा घेतला. ओळखीचा वाटला म्हणून मी मोबाईल मागून घेतला. पडद्यावर होतं: "परसातल्या विहिरीला रहाटाची सात, ...रावांच्या संसाराला देईन मी हात." साथ नव्हे, सात. पुस्तकात राहिलेली छपाईची चूक आहे ती. आई एकेका प्रतीत पेनाने 'थ' करत बसली होती, दीडेकशे प्रती झाल्यावर तिचा हात भरून आला.

घरी येऊन पुस्तक आणि ॲप शेजारी ठेवलं. १९० उखाणे आमचे, क्रमसुद्धा तोच. दर तीन उखाण्यांनंतर जाहिरात. आईचं नाव कुठेही नाही, आणि शेवटच्या पानावर ॲपवाल्याने लिहिलंय, 'सर्व हक्क राखीव'.

माझ्या मते ही सरळ चोरी आहे. घरातले निम्मे लोक म्हणतात, उखाण्याला कुठे मालक असतो? तुमचं काय मत?

आज्ञावली
ताई, वाईट वाटलं, पण मत वेगळं आहे. मी स्वतः मराठी ॲप बनवतो. उखाणा एकीकडून दुसरीकडे जातो म्हणून तर टिकतो. ॲप बनवणाऱ्या मुलाने बहुधा तुमचं पुस्तक पाहिलंही नसेल. कुणीतरी पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले असतील, कुणी टाइप केले असतील, तिथून त्याच्यापर्यंत आले असतील. कर्ता शोधायचा कुठे? ५०० प्रतींतलं पुस्तक सांगलीबाहेर कुणाला माहीत होतं? आज लाखभर लोकांकडे तुमच्या आईचे उखाणे आहेत.

कृष्णाकाठ
लाखभर लोकांकडे उखाणे आहेत, आई कुणाकडे नाही. आणि फॉरवर्ड होऊन आलेले १९० उखाणे पुस्तकाच्याच क्रमाने कसे लागले, ते मला कुणी समजावून सांगावं.

बाराखडी
पुस्तक प्रकाशनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. आपल्याकडे कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. लिहिलं की हक्क आला, आणि १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. एकट्या दोन ओळींवर भांडणं अवघड. पण १९० उखाणे, तोच क्रम आणि तीच चूक हा भक्कम पुरावा आहे. काही कोशकार मुद्दाम एखादा खोटा शब्द घालून ठेवत, नक्कल पकडता यावी म्हणून. तुमच्या हातात ते आयतंच आलंय.

'लोकपरंपरा' या शब्दाबद्दल एक सांगतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गायच्या, घरच्यांनी ते उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, कविता छापून आल्या १९५२ साली. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१३ पासून त्या कविता सर्वांसाठी खुल्या झाल्या. कुणीही ॲप करावं. पण नाव बहिणाबाईंचंच राहतं.

कृष्णाकाठ
हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते. बायकांनी तोंडी रचलं की ते 'परंपरागत' होतं, आणि तेच कुणी पुरुषाने वहीत लिहिलं की काव्यसंग्रह होतो. बहिणाबाईंच्या मुलाने ती वही अत्र्यांना दाखवली नसती, तर त्यांच्याही ओळी आज 'अज्ञात' म्हणून फिरल्या असत्या. आईने तर स्वतः पैसे साठवून छापलं, नाव घातलं, तरी ते नाव काढलंच.

आज्ञावली
नाव काढणं चूक, ते मान्य. पण सगळ्या ॲपवाल्यांना चोर म्हणू नका, म्हणून माझं सांगतो. मी दहावीच्या सरावाचं ॲप केलं होतं. फुकट उतरवता येणाऱ्या पुस्तकांचे धडे, त्यावर मी स्वतः काढलेले प्रश्न, आणि सगळं नेटशिवाय चालणारं. आमच्या वाडीत नेट टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. पोरं सोमवारी शाळेत उतरवून घ्यायची आणि आठवडाभर वापरायची. एका मोठ्या शैक्षणिक संस्थेची तक्रार आली आणि ॲप स्टोअरवरून ॲप गेलं. सोबत खातंही गेलं, म्हणजे माझी बाकीची दोन निर्दोष ॲपसुद्धा. अडीच वर्षांचं काम. कुणी फोन करून 'हे काढ' म्हटलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं.

बाराखडी
ॲपचं नाव आणि चित्र काय होतं?

आज्ञावली
नावात संस्थेचं नाव होतं. चित्र त्यांच्या बोधचिन्हासारखं होतं, रंग वेगळा. खाली 'अनधिकृत' असं लिहिलं होतं. ते नाव नसेल तर शोधात ॲप वरच येत नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल.

बाराखडी
मग तुमचा घात नावाने केला. 'दहावी सराव प्रश्न' हे वर्णन आहे, ते कुणीही वापरावं. दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह पुढे लावलं की पालकाला वाटतं हे संस्थेचंच आहे, आणि खालचं 'अनधिकृत' उतरवून घेताना कोण वाचतं?

कोलकात्याच्या आगरवाला बंधूंनी स्क्रॅबलसारखा शब्दखेळ 'स्क्रॅब्युलस' नावाने फेसबुकवर आणला, तुफान चालला. स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने पटाच्या रचनेवरचा कॉपीराइटचा दावा उचलून धरला नाही, पण नाव 'स्क्रॅबल' या ट्रेडमार्कच्या जवळ जातं म्हणून त्याला मनाई केली. खेळ पुढे 'लेक्सुलस' नावाने चालत राहिला. तुमचे प्रश्न तुमचेच होते, साध्या नावाने ते टिकले असते. धड्यांची परवानगी मात्र तरीही लागलीच असती.

घाटावरची
आरतीच्या ॲपबद्दल एक भर. सुखकर्ता दुःखहर्ता रामदासांची, शब्द सगळ्यांचे. पण कुठल्याशा ध्वनिमुद्रिकेतलं गायन उचलून घातलं तर ते ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं, त्याचीही प्रकाशनापासून ६० वर्षं. आमच्या मंडळाने ॲपसाठी मंडळातल्याच मुलींकडून आरत्या गाऊन घेतल्या. कमीजास्त सूर आहेत, पण आमचे आहेत.

आज्ञावली
बाराखडी, नावाबाबत तुमचं पटलं. पण ६० वर्षं फार होतात. पूर्वी ५० होती, टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली १० वाढवली. तिकडे मराठीतली किती पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, प्रकाशक बंद, वारस कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. आम्ही टाइप करून जिवंत ठेवायची नाहीत तर ती वाळवीने खायची का?

बाराखडी
या दुःखात मी तुमच्या बाजूला आहे. कर्ता सापडत नसेल तर परवान्यासाठी कलम ३१-अ आहे, आधी वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग अर्ज. वाडीतल्या मुलाने तो खर्च कुठून करावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ही वाट सोपी व्हायलाच हवी. पण कृष्णाकाठ यांच्या आई हयात आहेत आणि पुस्तकावर त्यांचा पत्ता छापलाय. तिथे 'सापडत नव्हत्या' हे चालत नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही ॲप स्टोअरकडे लेखी तक्रार करा. मूळ कृतीचा तपशील, ॲपची लिंक आणि हक्क आईचा असल्याचं निवेदन द्या. आपल्या नियमांप्रमाणे तक्रार योग्य वाटली तर ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. म्हणून वकील आजच बघून ठेवा.

आज्ञावली
त्याआधी त्या मुलाला एक मेल करा, ताई. ॲपच्या पानावर पत्ता असतो. माझ्या वाट्याला तो मेल आला नाही, त्याच्या वाट्याला तरी येऊ दे.

कृष्णाकाठ
काल रात्री केला. आईचं नाव पहिल्या पानावर, प्रस्तावना जशीच्या तशी आणि चूक दुरुस्त, एवढं झालं तर उखाणे राहू देत, असं आई म्हणाली. जाहिरातीच्या पैशांचं मी लिहिलं, ती नको म्हणत होती. आठ दिवस वाट बघून तक्रार करणार.

आता एक अडचण. आमच्याकडे उरलेल्या दोन्ही प्रतींची पहिली पानं गेली आहेत, म्हणजे मुद्रकाचं नाव आणि साल असलेलं पान नाही. सांगली, इस्लामपूर, कराड भागात कुणाच्या आजीच्या ट्रंकेत, एखाद्या वाचनालयात फिकट पिवळ्या मुखपृष्ठाचं, वर रहाटाचं चित्र असलेलं पातळ पुस्तक दिसलं तर त्या पानाचा फोटो पाठवा. पेनाने केलेला 'थ' असेल तर तोही.