मदत हवी आहे : महाल-इतवारीची पायी फेरी, क्रम नीट लागत नाही

मंडळी, नोव्हेंबरच्या एका रविवारी बाराजणांना जुनं नागपूर पायी दाखवायचं आहे. दोघे सत्तरीपुढचे.

आत्ताचा बेत असा: सकाळी 7 ला गांधीसागर म्हणजे आपला शुक्रवारी तलाव, मग गांधी गेट. भोसल्यांच्या काळातला हा जुम्मा दरवाजा. कमानीखाली उभं राहून माहिती सांगायला गेलं की मागून गाड्या अडतात, म्हणून बोलायचं ते एका कडेला थांबूनच. पुढे चिटणीस पार्क, बडकस चौक, भोसल्यांचा वाडा, रुक्मिणी मंदिर. मंदिरातलं दगडी कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात सपाट वाटतं. त्यामुळे ते साडेआठच्या आत हवंच.

अडचण शेवटाची आहे. इतवारी सराफा जोडला तर दुकानं उघडायला अकरा वाजतात, मधला दीड तास रिकामा. पिवळी आणि काळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं निघणारे मोठे पुतळे) जिथे भेटतात तो नेहरू पुतळा चौक मात्र दाखवायचाच आहे. ते सोडून इतवारी दाखवण्यात अर्थ नाही.

तर सांगा:
जुन्या शुक्रवारीतलं काशीबाई मंदिर आणि भोसल्यांच्या समाध्या आधी घ्याव्या का शेवटी ई-रिक्षानं?
खाजगी वाड्याचा चौक आतून पाहायला परवानगी कोणाकडे मागायची?
वाटेत स्वच्छ प्रसाधनगृह नेमकं कुठे? ज्येष्ठांसाठी सगळ्यात आधी हेच ठरवायचं आहे.