प्रतिसाद: लॉरियस आणि आपण

'लॉरियस भारताच्या वाट्याला आलाच नाही' असं वर कुणीतरी लिहिलंय, म्हणजे तो खेळांतला जागतिक पुरस्कार. अहो, सचिनला मिळालाय की! २०२० साली, बर्लिनमध्ये. २०११ च्या विश्वचषकानंतर वानखेडेवर पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, तो वीस वर्षांतला सर्वोत्तम क्षण ठरला. अर्थात तो लोकांच्या मतांवर. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र लॉरियसच्या अकादमीतले जुने दिग्गज खेळाडू मतं देऊन ठरवतात. त्याच वर्षी फुटबॉलवाला मेस्सी नि मोटार शर्यतीतला हॅमिल्टन यांची मतं समसमान पडली, दोघांना विभागून द्यावा लागला. २०१९ मध्ये झारखंडच्या मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या 'युवा' संस्थेलाही मिळालाय, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

बाकी आमच्या गुहागरकडे शिमग्यानंतर कबड्डीचे सामने होतात. मुंबईहून आलेले चाकरमानी एका बाजूला, गाववाले दुसऱ्या. हॅलोजनच्या उजेडात लाल माती उडते, बक्षीस म्हणजे चषक आणि पाय बांधलेला एक कोंबडा. गेल्या खेपेस गाववाले जिंकले, त्यांच्या चढाईपटूलाही खांद्यावर घेतलंन. कोंबडा त्या गडबडीत सुटला, तो दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत सापडला.