फ्रान्समधली लहान गावं, तिथले आठवडी बाजार आणि तुम्ही दोघं: अनुभव लिहा

पॅरिसबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय. या धाग्यावर मला हवीत ती गावं, जिथे एक चर्च, एक बेकरी, एक चौक आणि बाजाराचा ठरलेला वार असतो. आणि हवेत ते जोडीनं केलेले प्रवास. ग्रुप टूरच्या बस अशा गावांत थांबल्याच तर तासाभरात निघतात. दोघंच असलात की बाजार उठेपर्यंत रेंगाळता येतं. गाव बघायचं तर बाजाराच्या दिवशीच, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात मी करते.

आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये, ल्युबेरों डोंगराच्या पायथ्याशी छोटं घर भाड्यानं घेतलं होतं. कुठे काय बघायचं याची यादी केलीच नाही, वार बघून निघायचो. मंगळवारी गोर्द, बुधवारी जरा लांबचं सँ-रेमी, गुरुवारी गेरूच्या रंगाचं रूसियों, शुक्रवारी लूरमारँ, शनिवारी आप्त, रविवारी लील-स्यूर-ला-सोर्ग. व्हॅन गॉग 1889 ते 1890 असं वर्षभर ज्या मठातल्या रुग्णालयात राहिला, ते सँ-रेमीतच आहे. बाजार आटोपल्यावर तिथे चालत गेलो.

बाजार सकाळी आठला लागतो आणि साडेबारा-एकला आवराआवर सुरू होते. फळांना आपण हात लावायचा नाही, विक्रेता निवडून देतो. कावायोंची खरबुजं तिकडे प्रसिद्ध. घेताना बाई विचारतात, आज खाणार की उद्या? मग वास घेऊन, देठाशी दाबून, त्या दिवसाला बरोबर पिकेल असं फळ काढून देतात. माझा नवरा घरी भाजी आणायला कधी उत्साहानं जात नाही. तिथे मात्र पिशवी त्याच्याच खांद्यावर, आणि प्रत्येक टेबलाशी आधी 'बोंजूर' म्हणणाराही तोच. त्याचं हे रूप मला फार आवडलं. संसारात इतकी वर्षं झाल्यावर माणूस नव्यानं दिसणं ही मोठी गोष्ट आहे.

रविवारच्या सोर्गबद्दल एवढंच सांगते: नदीच्या कालव्यांवर अजून शेवाळलेली लाकडी चाकं फिरतात. एके काळी लोकर, रेशीम आणि कागदाचे कारखाने अशा चाकांवर चालायचे. काठाकाठानं जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. लवकर जा, दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

*

आम्ही दोघं निवृत्त. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात गेलो, तेही ऑक्टोबरात, आक्रोडांच्या हंगामात. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. तिथल्या सँत-मारी या जुन्या चर्चमध्ये आता झाकलेला बाजार आहे आणि त्याचे पोलादी दरवाजे जाँ नूव्हेल या वास्तुकारानं केलेत, चर्चच्या उंचीला शोभतील इतके प्रचंड. आत बदकाच्या यकृताचे डबे खूप. सौ. शाकाहारी, ती तिथून झपाझप पुढे जायची आणि आक्रोडाच्या तेलापाशी थांबायची. ते तेल कोशिंबिरीवर कच्चंच घालायचं, तापवलं की कडवट होतं.

पण मनात राहिलं ते मोंपाझिए. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं 1284 मध्ये वसवलेलं गाव. काटकोनात आखलेले रस्ते, मध्ये चौक, चौकाभोवती कमानी. चौकाच्या एका अंगाला लाकडी छपराचा जुना बाजार आहे आणि त्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून ठेवलीत. माझं बालपण धान्याच्या दुकानात गेलं. पायली, शेर, अधोली हातात घेऊन मोजलेलं आहे. मी त्या मापाच्या कडेवरून हात फिरवत उभा राहिलो, सौ.नं घाई केली नाही. दुसरं कोणी बरोबर असतं तर 'चला' म्हणालं असतं.

*

शाकाहारी जोडप्यांसाठी थोडं.

कोंते, रोकफोर अशी नावाजलेली चीज प्राण्यांच्या रेनेटनं (वासरांच्या जठरातून काढलेल्या विरजणानं) बनतात. तुम्हाला ते चालत नसेल तर विकत घेण्याआधी विचारा. ऑलिव्हची काळी चटणी (टापनाद) दिसते शाकाहारी, पण तीत बहुतेक वेळा अँचोव्ही हा मासा वाटलेला असतो. ब्रेड, टोमॅटो, जर्दाळू, ऑलिव्ह निर्धास्त घ्या. नीसला कूर सालेयाच्या बाजारात सोक्का नावाचं धिरडं मिळतं: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, वरून मिरपूड. गरमगरमच खा.

गावातल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोनच चालू असतं. अडीचला पोचलात तर कॉफीच मिळेल. आम्ही स्वयंपाकघर असलेली घरंच घेतो. बाजारातली वांगी आणि आपला गोडा मसाला, रात्री नऊपर्यंत उजेड, अंगणात दोघांची ताटं. मला याहून चांगली सुट्टी ठाऊक नाही.

*

गाडी चालवायची नसेल तर जर्मनीच्या सीमेलगतचा अल्सास प्रांत. तिथल्या कोल्मार शहरात मुक्काम करा. एगिसहाइम जवळच आहे, सायकलनंही जमतं, द्राक्षमळ्यांमधून. गावातल्या गल्ल्या गोलाकार आहेत, चालत राहिलं की निघालो तिथेच परत येतो. छपरांवर करकोच्यांची घरटी. आल्बर्ट श्वाइत्झर 1875 मध्ये जन्मले ते कायझर्सबेर्गही याच भागात.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझे सासरे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (सैन्यातल्या अभियंत्यांच्या दलातून) निवृत्त झाले. ते म्हणायचे, फ्रान्सला गेलात तर नव्ह-शापेलला जाऊन या. ते गेल्यानंतर आम्ही दोघं गेलो.

उत्तर फ्रान्समधलं हे साधं, सपाट शेतीचं गाव. पहिल्या महायुद्धात, 28 ऑक्टोबर 1914 ला, खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 47व्या शीख पलटणीबरोबर जर्मनांच्या ताब्यातल्या या गावात शिरल्या, घराघरांतून लढल्या. कुमक आली नाही, मागे यावं लागलं आणि फार माणसं गेली. 1927 मध्ये इथे भारतीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत किंवा ज्यांचा अंत्यविधी झाल्याची नोंद नाही, अशा 4,700 हून अधिक जणांची नावं तिथे आहेत. अशोकस्तंभाच्या धर्तीवरचा उंच खांब, भोवती गोल भिंत, आणि खांबावर देवनागरीतही कोरलेला मजकूर.

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. त्या दिवसांत तिकडचे बाजार शेवंतीच्या कुंड्यांनी भरलेले असतात, कारण 1 नोव्हेंबरच्या सुमारास फ्रेंच लोक आपल्या माणसांच्या कबरींवर शेवंती ठेवतात. (म्हणूनच कोणाकडे जेवायला जाताना शेवंती नेऊ नये.) आम्ही पिवळी कुंडी घेतली. विकणाऱ्या आजींनी कोणासाठी विचारलं, ह्यांनी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यांनी पैसे घेतले, आणि दुसरी लहान कुंडी स्वतःकडून दिली. भिंतीवर सॅपर्सची नावं शोधायला बराच वेळ लागला. हे वाचत होते, मी बोट धरून ओळ सांभाळत होते.

फ्रान्समधल्या जवळपास प्रत्येक खेड्यात 1914-18 च्या युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो. बाजार करून झाला की तोही वाचा, असं मी सगळ्यांना सांगते.

*

वरचं वाचून गलबलून आलं. आम्ही लियाँला राहतो आणि इतक्या वर्षांत तिकडे गेलो नाही, आता जाऊ.

कामाचं थोडं: जिथे पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. गावात वेगमर्यादा 50, बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी 80. निळ्या रेषांच्या पार्किंगमध्ये पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेआड ठेवावी लागते. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून घ्या. अपवाद नॉर्मंडीतल्या सँ-पिएर-स्यूर-दीवचा, तिथला बाजारच सोमवारी. तिथलं मध्ययुगीन बाजारघर 1944 च्या लढाईत जळालं. गावानं ते जसंच्या तसं पुन्हा उभारलं, लोखंडी खिळ्यांऐवजी चेस्टनटच्या खुंट्या ठोकून. आजही त्याच छपराखाली कोंबड्या, सायडर आणि लोणी विकतात.

ब्रिटनीत जोडीनं गेलेलं कोणी आहे का इथे? आम्ही मे महिन्यात निघतोय, बाजारांचे वार कळले तर मुक्काम त्याप्रमाणे ठरवू.