मदत हवी आहे: हॉलला कोणता रंग द्यावा? (तातडीचे)

हळकुंड
नमस्कार मंडळी. सांगलीत आमच्या घराचा हॉल नव्याने करतोय. 11 बाय 16. एका भिंतीला टीव्ही युनिट, मागे पूर्ण पॅनेलिंग, वर पीओपी आणि कडेने एलईडी पट्टी. सुतार सोमवारी कामाला लागतोय, त्याच्या आत रंग ठरला पाहिजे. बायको म्हणते पिस्ता, मुलगी म्हणते ग्रे. मला दोन्ही पटत नाहीत.

मुद्दा एवढाच की घरातली माणसं हॉलमध्ये येऊन बसली पाहिजेत. सध्या कुणीही बसत नाही. आई दिवसभर बाहेरच्या पायरीवर, मुलं वर, आणि पाहुणा आला तर त्यालाही आम्ही सरळ स्वयंपाकघरात नेतो. शेड नंबरसकट सांगितलंत तर उत्तम. वास्तूचं कृपया नको.

मीनल_त
खिडक्या किती आणि कुठल्या दिशेला? फ्लॅट की स्वतंत्र घर? मजला? आत्ता भिंतींना काय रंग आहे आणि तो का बदलताय? एवढं कळल्याशिवाय शेड नंबर म्हणजे न बघता चष्म्याचा नंबर देण्यासारखं आहे.

वास्तुजिज्ञासू
नको म्हणालात तरी एकच सांगतो. ईशान्य कोपऱ्यात जड काही ठेवू नका आणि टीव्ही आग्नेयेला घ्या. बाकी तुमची मर्जी.

हळकुंड
स्वतंत्र घर आहे, जुनं. एक खिडकी, एक दार, आतल्या बाजूला चौकाचं दार. दिशेचं काय एवढं? रंग सुचवा ना कुणीतरी.

कंदीपेढा
आम्ही साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. आमचाही हॉल असाच ओकाबोका होता. आम्ही पडदे बदलले आणि एक लाकडी झोपाळा टांगला, फरक पडला. मात्र पश्चिमेची भिंत पावसाळ्यात झोडपून निघते, रंग टिकत नाही. शेवटी बाहेरून पन्हाळी पत्रे मारून घेतले. दिसायला गोडाऊन, पण भिंत कोरडी. तुमच्याकडे पाऊस आमच्याएवढा नसतो म्हणा.

अडाणी_सुतार
जुनं म्हणजे किती जुनं? भिंत विटांची का दगडमातीची? आणि पॅनेलिंगला प्लाय कुठला सांगितलाय सुताराने? खोलीत गेल्यावर वास येतो का? नाव अडाणी असलं तरी आयुष्य रंध्यावर गेलंय, म्हणून विचारतोय.

हळकुंड
आजोबांनी बांधलेलं. भिंती दगडमातीच्या, सव्वादोन फूट जाड. प्लाय साधाच, भिंतीला लागून असल्यामुळे दिसणार नाही, वरून सनमायका. वास म्हणाल तर थोडा कोंदट आहे. खालच्या बाजूला पोपडे धरतात, म्हणून तर पॅनेलिंग करतोय! एकदा झाकलं की प्रश्न मिटला.

अडाणी_सुतार
मिटला नाही, सुरू झाला.

सिडनीचा_सदू
आमच्याकडे ओलीसाठी डीह्युमिडिफायर लावतात. डबा भरला की पाणी ओतून टाकायचं. भारतात लोक असल्या साध्या गोष्टी का करत नाहीत कळत नाही.

नदीवेस
@सदू, दादा, इथं जून ते सप्टेंबर दार उघडं ठेवून राहतात माणसं. डबा कृष्णेत ओतायचा का?

@हळकुंड, गावभागात का तुम्ही? पाणी येतं का घरात? तेवढं सांगा आधी.

हळकुंड
हो, गावभाग, नदीकाठची जुनी वस्ती. पाणी येतं म्हणजे, 2019 ला आलं होतं. हॉलमध्ये स्विचबोर्डच्या वर. 2021 ला उंबऱ्याच्या आत थोडं. ते सगळ्यांकडेच आलं होतं. माझा प्रश्न रंगाचा आहे.

नदीवेस
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट ही धोका पातळी, 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. तुम्ही तिथं साध्या प्लायचं पॅनेलिंग करताय?

भडंगवाला
पूर मुळात येतोच का ते बघा. कर्नाटकातलं अलमट्टी धरण 519.60 मीटरपर्यंत भरतात आणि त्याचं मागे तुंबलेलं पाणी, फुगवटा, इथपर्यंत येतो. रंग कसला देताय.

कोयनाकाठी
उगाच सगळं अलमट्टीवर ढकलू नका. वर कोयनेतून विसर्ग, खाली वारणेचं पाणी हरिपूरच्या संगमावर अडवं येतं, त्यात नदीपात्रातली बांधकामं. फुगवटा इथवर येतो याला पुरावा काय?

भडंगवाला
पुरावा माझ्या माडीवर येऊन बघा, चिखलाची रेघ अजून आहे.

संपादक मंडळ
अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे. इथे घरसजावटीबद्दलच लिहावे.

अडाणी_सुतार
आता सविस्तर लिहितो.

साधा प्लाय म्हणजे 303 नंबरचा (आयएस मानकाचा नंबर), एमआर ग्रेड. तो दमट हवा सोसतो, पाण्यात उभा राहणं नाही. चार दिवस पाण्यात राहिला की थर सुटतात, फुगून पुस्तकासारखा उलगडतो. एमडीएफ तर बिस्किटच. 710 चा मरीन घेतला तर तो बराच तगतो, पण त्याच्यामागे भिंत ओली राहिली तर बुरशी आणि वाळवी दोन्ही येणार, आणि ती तुम्हाला दिसणारही नाहीत. 2019 नंतर मी एका घरात असलं पॅनेल काढलं होतं. वरून सनमायका चकचकीत, आणि मागून हात लावला तर प्लायचा चहाच्या चोथ्यासारखा भुगा हातात आला. चौकटीच्या पट्ट्या वाळवीने नुसत्या नळ्या करून ठेवलेल्या.

भिंतीचं असं आहे. जुन्या दगडमातीच्या भिंतीला खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल वर चढते, आणि पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायची. तुमच्याकडे नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट मारला असणार. आता ओलीला बाहेर पडायला जागा नाही. क्षार रंगाच्या मागे साठतात आणि पोपडा ढकलतात. पांढरी बुरशी वाटते ती पुष्कळदा खारच असते, बोटाला लावून चाखून बघा. पॅनेल मारलं तर उरलेली वाटही बंद.

म्हणून सोमवारचं काम आधी थांबवा.

रसायनकाका
चुनाबिना मागे पडला हो. हल्ली इंजेक्शन देतात भिंतीला. भोकं पाडून रसायन भरायचं, ओल जागच्या जागी थांबते. वर वॉटरप्रूफ पुट्टी. माझ्या विश्रामबागच्या बंगल्यात केलंय, एक डाग नाही.

अडाणी_सुतार
काका, तुमचा बंगला विटा आणि सिमेंटचा. सव्वादोन फूट दगडमातीत आत पोकळ्या असतात, रसायन कुठं गेलं तेही कळत नाही. आणि पुराचं पाणी खालून चढत नाही, दारातून येतं. त्याला इंजेक्शन काय करणार?

रसायनकाका
चुन्याने तरी पूर थांबतो का?

अडाणी_सुतार
थांबत नाही. पाणी उतरल्यावर भिंत वाळते. मला तेवढंच पाहिजे.

हळकुंड
आगाऊ रक्कम देऊन बसलोय हो सुताराला. आणि ओल खरंच आहे का ते तरी कसं कळणार? उन्हाळ्यात पोपडे नव्हते.

मीनल_त
जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्या, पोपडे खरवडून भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतली. दोन ठिकाणी लावा, एक जमिनीलगत आणि एक डोक्याच्या उंचीवर.

आणि खिडकी नक्की कुठंय ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

हळकुंड
खिडकी टीव्हीच्याच भिंतीला आहे, पूर्वेला. ती बंद करून त्यावर युनिट येणार. गल्लीची धूळ येते, आणि जाता-येता लोक डोकावतात. सध्याही तिच्यासमोर कपाट आहे. खिडकीच्या आत रद्दी आणि आईच्या औषधांचे खोके.

नदीवेस
एकच खिडकी आणि ती बुजवणार. मग मुलगी ग्रे म्हणतेय ते बरोबर आहे, गुहेला शोभेल.

मीनल_त
आई पायरीवर का बसतात याचं उत्तर मिळालं ना? उजेड आणि माणसं दोन्ही तिथंच आहेत. तुमच्या हॉलमध्ये दोन्ही नाहीत.

भिंत सव्वादोन फूट जाड म्हणजे खिडकीच्या आत माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. ती रद्दीला दिलीये! कपाट हलवा. खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे? दोन फुटांच्या आसपास असेल तर आत नुसती कडप्पा फरशी आणि वर गोधडी. जास्त उंच असेल तर खाली विटांचे दोन आधार घेऊन दीड फूट उंचीचा कट्टा करा. पुरात दगडाला काही होत नाही, धुतलं की झालं. डोकावणाऱ्यांसाठी फक्त खालच्या अर्ध्या भागाला पातळ सुती पडदा. वरून उजेड येऊ द्या.

एलईडी पट्टी कुठली घेतलीये? 6500 केल्विनची पांढरीफेक असेल तर परत करा, घर औषधाच्या दुकानासारखं दिसतं. 2700 ते 3000 चे, पिवळसर उजेडाचे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यात लावा, एक वाचायला, एक कट्ट्याजवळ. सगळा उजेड छतातूनच आला पाहिजे असा कुठं नियम आहे?

आणि पीओपीच्या वर काय आहे हो?

हळकुंड
सागवानी तुळया आणि तक्तपोशी. काळी पडलीये म्हणून झाकतोय.

अडाणी_सुतार
अरे देवा. सागवान झाकण्यासाठी पैसे मोजताय. काचकागदाने घासून जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. आणि वाळवी लागलीच तर उघडी तुळई डोळ्याला दिसते, पीओपीत ती डोक्यावर पडल्यावरच कळते.

गृहिणी_मिरज
किचन ट्रॉलीसाठी स्टील 304 घ्या, 202 ला गंज येतो. आम्ही फसलो होतो.

कंदीपेढा
@गृहिणी_मिरज, ट्रॉलीचं कुणी विचारलंय? पण बरं झालं सांगितलंत, आमचं काढायचंच आहे. कितीला पडलं?

हळकुंड
प्लॅस्टिक लावून बघितलं. खालच्या तुकड्याच्या आत थेंब. वरचा कोरडा. खिडकीचा कट्टा मोजला, 22 इंच उंच. कपाट हलवलं तर मागे पाठीचं लाकूड काळं पडून गेलंय. आई लगेच तिथं जाऊन बसली, खोके उचलायच्या आधीच.

सुतार पैसे परत द्यायला तयार नाही. म्हणतो माल कापलाय. आता काय करायचं? आणि टीव्ही कुठं लावू?

नदीवेस
पैसे परत मागू नका, काम बदलून मागा. माल कापलाय ना, मग तो वरच्या मजल्यावर वापरू दे. मुलांच्या खोलीत भिंतीतलं कपाट होईल, पुस्तकांचं फडताळ होईल. वर पाणी गेलं नव्हतं ना?

खालच्या हॉलचा एकच नियम: ज्याला पाण्याचं भय, ते दोन माणसांना उचलून जिना चढता आलं पाहिजे. लोखंडी पायांचा दिवाण, वेताच्या खुर्च्या, सतरंजी. आमच्याकडे चाळीस फुटांचा इशारा आला की पहिलं जाजम वर जातं, मग फ्रिजचं बघतो. बसवलेलं फर्निचर खाली ठेवलेलंच नाही. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीला ब्रॅकेटवर उंच, आणि इलेक्ट्रिशियनला सांगा वायर छतातून खाली आण, जमिनीतून वर नको. सगळे पॉइंट 2019 च्या रेघेच्या वर घ्या.

वास्तुजिज्ञासू
दक्षिणेला टीव्ही चालतो तसा.

हळकुंड
माल वर वापरायला सुतार तयार झाला. पुट्टी खरवडायला गवंडीही मिळाला. भिंतीला चुनाच द्यायचं ठरवलंय, पण चुन्यात रंग येतो का? घरात पांढरं कुणालाच नकोय.

अडाणी_सुतार
येतो. पिवडी, म्हणजे पिवळी माती, घाला, किंवा गेरू अगदी थोडा. मातीचे रंग चुन्यात टिकतात, बाकीचे बरेच उडतात. पिवडीने भिंत सकाळच्या उन्हात लोण्यासारखी दिसते, पूर्वेची खिडकी उघडीच आहे तर बघाच. नावाला जागून हळद मात्र टाकू नका, चुन्यात तिचं कुंकू होतं.

खालचे चार-साडेचार फूट सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा, नुसती पुट्टी खरवडून भागणार नाही. भिंत उघडी ठेवा, पंखा लावा, पावसाळ्याच्या तोंडावर घाई करू नका. मग चुना-वाळूचा गिलावा. तयार पिशवीतला चुना घेतलात तर ठीक. चुनकळी, म्हणजे न भिजवलेला चुना, आणून विरघळवणार असाल तर आधी पिंपात पाणी घ्या आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतायचं नाही, उसळतं आणि डोळे जातात. चष्मा, हातमोजे, आणि पोरांना लांब ठेवा. भिजवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, किमान दोन-तीन आठवडे तरी. सफेदी पातळच हाणायची, ताकासारखी, तीन हात. पहिला हात दिल्यावर भिंत मळकट, ठिगळाठिगळांची दिसेल. गवंड्याला शिव्या घालू नका, वाळल्यावर उजळते.

हळकुंड
हे सगळं प्रिंट काढून गवंड्याच्या हातात देतो. बायकोला पिवडीचा रंग दाखवला. "हा पिस्ताच आहे," म्हणाली. मी वाद घातला नाही.