पिस्तूल स्वस्तातलं आणि कार्बाईन भारीतली, की उलट?

दीडमूठ

ओळखीच्या एकाने विचारलं, "पहिलंच पिस्तूल घेतोय, जोडीला ९ मिमीची कार्बाईनही (खांद्याला लावायची आखूड बंदूक). पैसे मोजकेच आहेत. दोन्हींतलं भारीतलं काय घेऊ?" मी लगेच म्हटलं, कार्बाईन. पिस्तुलात वाचव. शेजारी बसलेला मित्र उसळलाच. अर्धा तास वाजलं आमचं, मिटलं नाही, म्हणून हा काथ्याकूट.

रोजचा वापर म्हणजे रेंजवरचा सराव, घरी कुलपात ठेवणं आणि ज्याला परवानगी आहे त्याच्या कमरेला. कायद्याचा वाद नको, तो ज्याच्या त्याच्या देशाचा.

माझं म्हणणं असं. पिस्तुलाचं तंत्र आता मुरलंय. नळी थोडी मागे सरकते, झुकते आणि स्लाइडपासून, म्हणजे वरच्या सरकत्या भागापासून, सुटते, ही बंदुका रचणाऱ्या ब्राउनिंगची करामत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर पॉलिमरची (प्लास्टिकची) फ्रेम आणि हातोड्याऐवजी स्ट्रायकर (आतली स्प्रिंगवरची सुई) चढवून ग्लॉक १७ ने १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यात जागा मिळवली आणि पुढे बहुतेकांनी तोच धडा गिरवला. तुर्कस्तानच्या कॅनिकची टीपी९ मालिका घ्या. वॉल्थर पी९९ वरून उचललेली, पण चाप असा की कितीतरी महाग पिस्तुलांनी मान खाली घालावी. जास्तीचे पैसे मोजून पिस्तुलात मिळतं काय? रंग, स्लाइडवरच्या खाचा आणि नाव.

कार्बाईनचं तसं नाही. स्वस्तातली बहुतेक साधी ब्लोबॅक असते. नळी आणि बोल्ट (काडतुसामागचा सरकता ठोकळा) यांना कुलूप नाही, सगळी भिस्त बोल्टच्या वजनावर. रुगरच्या पीसी कार्बाईनमध्ये त्यासाठी बोल्टला टंगस्टनचं वजन जोडलंय. तो ठोकळा दर गोळीला मागे येऊन आदळतो, मग पुढे जाऊन आदळतो. नवख्याला वाटतं पिस्तुलाचीच गोळी, खांद्याला काय लागणार? आणि मग ५.५६ ची एआर रायफलही हलकी वाटते. एमपी५ या जर्मन सबमशीनगनच्या घराण्यात रोलर आहेत, दाब उतरेपर्यंत ते बोल्टला रेंगाळवतात; याला डिलेड म्हणतात. सिगची एमपीएक्स गॅसवर चालते. हा फरक खांदा पहिल्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या डबीत) ओळखतो. पैसे तिथे घाला.

माशी_आणि_खाच

पूर्ण असहमत. तुमचा तो उसळलेला मित्र मीच असायला हवा होतो.

दीडमूठराव, धक्का कमी करायला निघालात, पण ९ मिमीच्या कार्बाईनच्या धक्क्याने गोळी चुकते का? नाही. खांदा, गाल, दोन हात, चार ठिकाणी आधार असतो. चुकतं ते पिस्तूल. ग्लॉक १७ रिकामं सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, भरलं तरी किलोच्या आत. त्याचा चाप ओढायला लागतात साधारण अडीच किलो. वस्तूच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर एका बोटाने लावायचा आणि वस्तू हलता कामा नये! पीसी कार्बाईन तीन किलोंच्या वर भरते. तिचा चाप जड असला तरी बंदुकीला जागचं हलवायला त्याला कष्ट पडतात.

आता नेमाचं बघा. ग्लॉक १७ ची माशी (नेमाची पुढची खूण) आणि खाच (मागची) यांत १६५ मिमी अंतर. माशी एक मिलिमीटर सरकली की १५ मीटरवर गोळी ९ सेंटिमीटर बाहेर. कार्बाईनवर तेच अंतर ४०० मिमी धरलं तर चूक पावणेचार सेंटिमीटरवर येते. म्हणजे कार्बाईन तुमच्या चुका पोटात घालते, पिस्तूल चव्हाट्यावर आणतं. मग चांगला चाप, चांगली मूठ, चांगली माशी कुठे हवी? ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान एक किलो लागतो. आपल्या अडीच किलोंशी ताडून बघा.

स्वस्तातली कार्बाईन घ्या आणि उरलेले सगळे पैसे पिस्तुलात ओता.

दीडमूठ

गणित बरोबर, पण दोन्हींवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) लावला की माशी-खाचेच्या अंतराचा मुद्दा बाद. आणि हलका चाप म्हणजे चांगला चाप, असं कमरेला लावायच्या पिस्तुलाबाबत मी तरी म्हणणार नाही. कुठे अडतो आणि कुठे सुटतो हे दर वेळी सारखं असलं की बास. ते स्वस्तातही मिळतं.

रिकामी_पुंगळी

दोघंही चाप आणि धक्का घेऊन बसलात. माझ्या हातातलं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, पिस्तूल स्वस्तातलं होतं.

पहिली दोनशे काडतुसं लोण्यासारखी गेली. मी मित्रांना फोन करून सांगितलं, उगाच लोक महाग घेतात. तिसऱ्या रविवारी एक मॅगझिन काढताना काँक्रीटवर पडलं, तोंडावर. उचललं, पुसलं, भरलं. तिसऱ्या गोळीनंतर चाप मऊ. बघतो तर स्लाइड दीड बोट उघडी आणि काडतूस नाक वर करून चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीच्या) काठाला टेकलेलं. मोकळं केलं, पुढे दोन गोळ्या, परत तेच. घरी येऊन दोन मॅगझिनं शेजारी धरली तेव्हा दिसलं. वरच्या कडा, ज्या काडतूस धरून ठेवतात, त्यातली एक नखाच्या जाडीइतकी बाहेर गेली होती. नखाच्या जाडीइतकी! पत्रा मऊ होता. दुसरं मॅगझिन शोधायला गेलो तर कुठेच नाही. मॉडेल बदललेलं, जुन्याची मॅगझिनं बंद.

पिस्तूल अजून कपाटात आहे. नळी उत्तम, चाप उत्तम, आणि एक मॅगझिन.

म्हणून मी आता किंमत बघतच नाही. आधी विचारतो की याची मॅगझिनं आणखी दहा वर्षांनी मिळतील का. ग्लॉकवाल्यांना आपण हसतो, पण त्यांची मॅगझिनं घेणाऱ्या कार्बाईनी दुसऱ्या कंपन्या बनवतात. तीच पीसी कार्बाईन आतला साचा बदलून ग्लॉकची मॅगझिनं घेते. पिस्तूल आणि कार्बाईन एकाच मॅगझिनवर चालणं ही खरी बचत.

जुनाट

पुंगळीशी सहमत, आणि हे दुखणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्टेनगन आठवा. १९४१ मधली, पत्रा ठोकून आणि नळ्या जोडून केलेली, त्या काळची स्वस्तातली स्वस्त. यंत्रणा चालायची, रडायची ती मॅगझिनमुळे. ३२ काडतुसांच्या दोन रांगा वर येताना एकाच तोंडात घुसायच्या. म्हणून वापरणारे दोन-चार कमीच भरायचे. पुढे रचनाकार पॅचेटने स्टर्लिंग ही सबमशीनगन केली, ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्वीकारली. तिचं मॅगझिन वाकडं, काडतुसांना वर ढकलणाऱ्या भागाला रोलर, आणि दोन्ही रांगा तोंडापर्यंत दोनच. गोळी तीच, पद्धत तीच ब्लोबॅकची. आधी सुधारलं ते मॅगझिन.

तरी एक टोचणी. आजची बहुतेक दुहेरी रांगेची पिस्तुलं स्टेनसारखीच एका तोंडाने भरवतात आणि छान चालतात. म्हणजे पद्धत वाईट नव्हती, घाईत ठोकलेला पत्रा वाईट होता.

अवांतर: वर ग्लॉकचं वाचून कोणी त्याला पहिलं पॉलिमरचं पिस्तूल समजेल. तो मान हेकलर अँड कोखच्या व्हीपी७० चा, १९७० चा. गाजलं मात्र ग्लॉक.

माशी_आणि_खाच

मॅगझिनचं मान्य, पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. मऊ पत्रा स्वस्तातल्या पिस्तुलातच सापडला ना?

आणि दीडमूठराव, एक राहिलंच. "महाग म्हणजे डिलेड, स्वस्त म्हणजे ब्लोबॅक" हे तुम्ही ठोकून दिलंत. स्वित्झर्लंडच्या बी अँड टी ची एपीसी९ चांगलीच महाग आहे. यंत्रणा? ब्लोबॅकच, मागे धक्का शोषणारा हायड्रॉलिक बफर बसवलेला. सीझेडची स्कॉर्पियन एव्हो? ब्लोबॅक. उलट स्लोव्हाकियाच्या ग्रँड पॉवरची स्ट्रिबोग ए३ रोलर-डिलेड असूनही त्या स्विस बाईसाहेबांपेक्षा कितीतरी स्वस्त. मग पैसे कशाचे मोजायचे?

दीडमूठ

स्ट्रिबोगचा मार बसला, कबूल. मी किंमत आणि यंत्रणा एकाच पोत्यात घातली. सुधारून म्हणतो की कार्बाईन घेताना किमतीच्या चिठ्ठीआधी बोल्ट कसा थांबतो ते विचारा. पिस्तुलात हा प्रश्नच पडत नाही, कारण ९ मिमीची जवळजवळ सगळी एकाच पद्धतीने थांबतात. हाय-पॉइंटच्या स्वस्त पिस्तुलांसारखे अपवाद सोडा. त्यांची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव आणि जाडजूड, कारण तिथेही ब्लोबॅक.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचते, आज राहवलं नाही.

माझा हात लहान आहे आणि या चर्चेत हाताचं माप कुणीच काढलं नाही. स्वस्तातल्या पिस्तुलाची मूठ एकाच मापाची आली. बोट चापापर्यंत जेमतेम टोकाने पोचायचं, आणि टोकाने ओढलं की पिस्तूल बाजूला ढकललं जातं. सहा महिने मला वाटत होतं मला नेमच जमत नाही. मग एकाने मुठीची मागची पट्टी बदलता येणारं पिस्तूल हातात दिलं, सगळ्यात बारीक पट्टी लावून. त्याच दिवशी गोळ्या मधे आल्या. ते महागातलं होतं म्हणून नव्हे. पट्ट्या बदलणारी मधल्या किमतीचीही असतात. पण सगळ्यात स्वस्त दोन-तीन मॉडेलांत मला ती सोय मिळाली नाही.

आणि ब्लोबॅक कार्बाईनचा बोल्ट मागे खेचताना मला कोपर अंगाशी घेऊन वजन टाकावं लागतं. दीडमूठ म्हणतात तो धक्का मला फारसा लागत नाही. पण रिकामी आहे का ते तपासायला दर वेळी कुस्ती. धक्का दोन क्षणांचा, कुस्ती दिवसभराची.

रिकामी_पुंगळी

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

सव्वाशेर

सगळे ढोबळ फायद्याचं बोलताय. पिस्तूल हातातून पडलं तर काय? स्वस्तात घ्यायला मला भीती वाटते ती याची.

जुनाट

भीती योग्य, पण किमतीशी तिचं लग्न लावू नका. टॉरस या ब्राझिलियन कंपनीच्या काही जुन्या पीटी मॉडेलांवर पडल्यावर गोळी सुटते असा अमेरिकेत दावा झाला, तडजोडीने मिटला. हे स्वस्तातलं उदाहरण. आता दुसरं. सिगचं पी३२० जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी निवडलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नागरी पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं की गोळी सुटते हे चाचण्यांत दिसल्यावर, कंपनीने सुधारणा देऊ केली. सुधारणेत बदललं काय? मुख्यतः चाप हलका केला, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन कमी केलं. पिस्तूल आपटलं की जड चाप जडत्वाने स्वतःच मागे यायचा. महाग कंपनी, मोठी निवड, आणि चूक चापाच्या काही ग्रॅमांत.

म्हणून घ्यायचं मॉडेल बाजारात काही वर्षं मुरलेलं असावं. स्वस्त असो की महाग, पहिल्या वर्षाचं नको.

माशी_आणि_खाच

जुनाटांना दंडवत. (माझ्याकडे पहिल्या वर्षाची दोन आहेत. कृपया हलकं घ्या.)

सव्वाशेर

एक शंका. कार्बाईनची लांब नळी म्हणजे गोळीला जास्त वेग ना? मग त्यासाठी तरी महाग नळी घ्यावी का?

दीडमूठ

वेग वाढतो, पण ९ मिमीत थोडाच. साधी साडेसात ग्रॅमची गोळी पिस्तुलातून साधारण ३५० मीटर प्रति सेकंद जाते, १६ इंची नळीतून ३९०-४०० च्या आसपास. थोडी दारू, ती लवकर जळून संपते, पुढची नळी फारसं काही देत नाही. १६ इंच हा आकडाही गोळीच्या गरजेतून आलेला नाही. अमेरिकी कायद्यात त्याहून लहान नळीच्या रायफलीची वेगळी नोंदणी लागते, म्हणून सगळ्यांनी तिथे थांबवली. यात स्वस्त-महाग नळी जवळजवळ सारखीच.

कार्बाईनवर डॉट लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तो नळीच्या पाच-सहा सेंटिमीटर वर बसतो. पाच मीटरवर गोळी जवळपास तेवढीच खाली लागते. पहिल्या दिवशी मी बंदुकीलाच शिव्या घातल्या होत्या.

वाचनमात्र

आणि दोन्ही ठेवायला कुलूपपेटी? मोजक्या पैशांत ती कोणी धरलीच नाही. घरी मूल आहे म्हणून विचारतेय.

माशी_आणि_खाच

बरोबर. ती आधी. मग माझी आणि दीडमूठरावांची भांडणं.

दीडमूठ

अपडेट. ज्याच्यासाठी हा धागा काढला त्याने ना तुमचं ऐकलं ना माझं. पोलिसांनी वापरून परत केलेलं जुनं ग्लॉक घेऊन आलाय, स्लाइडचा रंग म्यानात घासून उडालेला. कार्बाईन पुढच्या वर्षी म्हणे. पेटी मात्र घेतली.

रिकामी_पुंगळी

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे ढकलणारी) बदलली का? आधी किती हजार झाडलीत कोण जाणे. आणि मॅगझिनं किती मिळाली?

दीडमूठ

स्प्रिंगचं विचारतो. मॅगझिनं तीन.

रिकामी_पुंगळी

माझ्यापेक्षा दोन जास्त.