‘जंटलमन’ला मराठीत काय म्हणायचं : सद्गृहस्थ, खानदानी की साहेब?

प्रश्न

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) ५६व्या प्रकरणात डार्सीची मावशी लेडी कॅथरीन नायिका एलिझाबेथला दमात घ्यायला येते. डार्सीशी लग्नाचा विचार सोडून दे, असं तिचं म्हणणं. एलिझाबेथ उत्तर देते, ‘ते जंटलमन आहेत, मी जंटलमनची मुलगी आहे, इथवर आम्ही बरोबरीचे.’ कोशांत सद्गृहस्थ, सभ्य गृहस्थ, सज्जन असे पर्याय आहेत. तिन्ही घालून पाहिले, वाक्यातली धार जाते. अनुवादात नेमका शब्द कोणता घ्यावा?

प्रतिसाद

धार जाते कारण हे तिन्ही शब्द स्वभावाचं कौतुक करतात आणि एलिझाबेथ इथे स्वभावाबद्दल बोलतच नाही. ती पायरी सांगते आहे. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात जंटलमनचा पहिला अर्थच मुळी ‘उमराव नसला तरी चांगल्या कुळातला माणूस’ असा आहे. व्यवहारात त्याची खूण म्हणजे जमीन, आणि तिच्या खंडावर चालणारं घर. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, एलिझाबेथच्या वडिलांचं, मि. बेनेटचं, २,०००. पाचपट फरक, पण दोघंही जमिनीवर जगतात, म्हणून पायरी एक. ‘सज्जन’ घातलंत की हा हिशेबच पुसला जातो.

पुढची ओळही बघा. लेडी कॅथरीन म्हणते, खरं आहे, जंटलमनची मुलगी आहेस तू. पण तुझी आई कोण? इंग्रजीत त्यापुढे ‘अंकल’ आणि ‘आंट’ येतात. पुष्कळदा सवयीने ‘काका-काकू’ लिहिलं जातं. तिचा रोख आईच्या माहेरावर आहे, तेव्हा ‘मामा-मामी, मावशी’ हवं. मामा गार्डिनर लंडनला ग्रेसचर्च स्ट्रीटवर स्वतःच्या वखारींच्या नजरेच्या टप्प्यात राहणारा व्यापारी, आणि मावशीचा नवरा फिलिप्स जवळच्या मेरिटन गावचा वकील. तोही बॅरिस्टर नव्हे, अ‍ॅटर्नी. त्या काळी बॅरिस्टर जंटलमनांत बसायचा, अ‍ॅटर्नीबद्दल नाकं मुरडली जायची. मराठीत नाती आपोआप वेगळी पडतात, त्यामुळे हा टोमणा मूळ इंग्रजीपेक्षाही नेमका लागतो.

माझं मत : ‘कुलीन’.

प्रतिसाद

‘कुलीन’ ५६व्या प्रकरणात बसेल, पण ३४व्यात अडकेल. डार्सीच्या पहिल्या मागणीला नकार देताना एलिझाबेथ म्हणते की तुम्ही जंटलमनला शोभेलसे वागला असतात, तर नकार देताना मला थोडंतरी वाईट वाटलं असतं. डार्सीच्या कुळाबद्दल साऱ्या कादंबरीत कुणाला शंका नाही. म्हणून तर तो दचकतो. जन्मानेच आपलं आहे असं धरून चाललेलं पद, वागण्याने गमावता येतं, हे त्याला पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगतं. ५८व्या प्रकरणात तो तेच शब्द तिला जसेच्या तसे म्हणून दाखवतो आणि ते किती सलत राहिले ते सांगतो.

आता ३४ला ‘सभ्य’, ५६ला ‘कुलीन’ आणि ५८ला ‘सुसंस्कृत’ लिहिलंत, तर प्रत्येक वाक्य सुटं सुटं बरोबर आणि कादंबरी मात्र हातची गेली. वाचकाला कळणारच नाही की हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी फिरतो आहे. म्हणून आधी पुस्तकभर तो शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करा. प्रत्येक जागी कोण बोलतंय, कुणाला, हे समासात लिहा. मग एकेक मराठी शब्द सगळ्या जागी घालून बघा. एखाद्या जागी थोडा अवघडला तर चालेल, पण वाक्याचा अर्थ उलटला तर तो शब्द बाद.

या कसोटीला ‘खानदानी’ बराच टिकतो. ‘ते खानदानी आहेत, मीही खानदानी घरातली आहे.’ ‘खानदानी माणसाला शोभेलसं वागला असतात तर...’ दोन्ही चालतात, कारण आपण हा शब्द घराण्यालाही लावतो आणि वागण्यालाही. ‘घरंदाज’मध्येही हे दोन्ही आहे, पण तो आज बहुतेक बायकांनाच लावला जातो.

व्युत्पत्तीही साथ देते. जंटलमनमधला ‘जंटल’ जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन. अर्थ ‘एका कुळातला’. मऊ, सौम्य हा अर्थ नंतरचा. ‘कुल’वरून ‘कुलीन’, ‘खानदान’वरून ‘खानदानी’. वाट तीच.

प्रतिसाद

वरचं पटलं, एक सावधगिरी सुचवते. ‘कुलीन’ आणि ‘खानदानी’ ऐकताच मराठी कान जात ऐकतो. ऑस्टिनच्या इंग्लंडात पायरी बदलता येत होती. डार्सीचा मित्र बिंगली घ्या. त्याच्या बापाने पैसा व्यापारातच मिळवला; मुलाच्या हाती सुमारे १,००,००० पौंड आले, आणि आता तो विकत घ्यायला इस्टेट शोधतो आहे. एका पिढीत काम होतं. ऑस्टिनच्याच ‘एमा’त तर जमीनदार मि. नाइटली आपली जमीन खंडाने कसणाऱ्या रॉबर्ट मार्टिनला ‘जंटलमन-फार्मर’ म्हणतो आणि एमा ते मानत नाही. तिथे ‘खानदानी शेतकरी’ लिहिलंत तर वाचकाला देशमुख-पाटील दिसतील! ‘प्रतिष्ठित शेतकरी’ म्हणून पुढे जावं.

पण डिकन्सकडे आलात की ‘खानदानी’ सोडूनच द्या. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (१८६०–६१) प्रश्न असा की पैशाने जंटलमन घडवता येतो का. ३९व्या प्रकरणात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सहून चोरून परतलेला कैदी मॅग्विच नायक पिपला सांगतो की मी तुला जंटलमन केलं. पैसे देऊन कुणी कुणाला खानदानी करत नाही. इथे शब्द एकच : ‘पोरा, मी तुला साहेब केला!’ कपडे, भाषा, नोकरचाकर, दुसऱ्याने झुकून बोलणं, सगळं त्यात आलं. आणि शिक्षण नसलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभतो.

४२व्या प्रकरणातही तोच चालतो. एकाच गुन्ह्यात मॅग्विचला १४ वर्षांची शिक्षा आणि त्याचा साथीदार कॉम्पेसनला ७, कारण कोर्टात कॉम्पेसन कुरळ्या केसांनी, काळ्या कपड्यांत, पांढरा रुमाल घेऊन उभा होता. ‘साहेब दिसला म्हणून सुटला निम्म्यावर’ हे कुठल्याही मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

पिपला वाढवणाऱ्या ‘जो’ नावाच्या लोहारासाठी तर मराठीकडे इंग्रजीहून चांगलं हत्यार आहे. २७व्या प्रकरणात तो लंडनला येतो. त्याची हॅट शेकोटीवरच्या फळीवरून पुन्हा पुन्हा पडते, तो ती झेलत राहतो आणि पिपला मधूनच ‘सर’ म्हणतो. ५७व्यात पिप तापाने अंथरुणाला खिळतो तेव्हा ‘सर’ गळून पडतं. पिप जसजसा बरा होतो तसतसं ते परत येतं. मराठीत क्रियापदच हे दाखवेल : ‘कसा आहेस’, मग ‘कसे आहात’. मात्र हा बदल एकदम करू नका. आधी एखाद्याच वाक्यात ‘आहात’ येऊ द्या, पुढच्यात पुन्हा ‘तू’, नंतर हळूहळू ‘तुम्ही’ पक्कं. पिपच्या लक्षात यायच्या आधी ते वाचकाच्या लक्षात यायला हवं.

प्रतिसाद

‘साहेब’ला एका जागी अडचण आहे. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या २२व्या प्रकरणात पिपचा मित्र हर्बर्ट आपल्या वडिलांचं म्हणणं सांगतो : मनाने जो जंटलमन नाही तो वागण्यातही कधी खरा जंटलमन झाला नाही, व्हार्निशने लाकडाच्या रेषा झाकत नाहीत, जितकं जास्त चोपडाल तितक्या त्या उठून दिसतात. ‘मनाने साहेब’ म्हटलं की मराठीत उलटाच अर्थ होतो, माज असलेला. तिथे ‘खरा साहेब’ असं रेटण्यापेक्षा ‘मनाचा मोठा नाही तो साहेब कसला’ अशी वाक्याचीच रचना फिरवावी. शब्द टिकतो, अर्थही टिकतो.

एलिझाबेथ गॅस्केलचं ‘नॉर्थ अँड साउथ’ (१८५४–५५) घेतलंत तर काम सोपं आहे. विसाव्या प्रकरणात गिरणीमालक थॉर्नटन म्हणतो की जंटलमन हा शब्द माणसाचं फक्त इतरांशी नातं सांगतो. ‘मॅन’ म्हटलं की तो स्वतःशी, आयुष्याशी, काळाशी कसा आहे तेही येतं. इथे ‘पुरुष’ लिहू नका. ‘माणूस’ लिहा. ‘तो माणूस आहे’ या तीन शब्दांत आपण जे म्हणतो, तेच थॉर्नटनला म्हणायचं आहे.

मूळ प्रश्नकर्ता

३४, ५६ आणि ५८ तिन्ही जागी ‘खानदानी’ घालून वाचलं, चालतं आहे. मामा-मावशीची दुरुस्ती केली. लेडी कॅथरीन एलिझाबेथला ‘तू’ म्हणेल आणि एलिझाबेथ शेवटपर्यंत ‘आपण’ सोडणार नाही, असं ठेवते आहे.